सापडलं, पण कुठून आलं? ४१ किलोमीटरवरच्या जिवाणूंचा पेपर पुन्हा वाचताना

बेल्ह्याच्या घरी माझी आठवीतली एक वही अजून आहे. तिच्यात मार्च २००९ मधलं वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं आहे. भारतीय शास्त्रज्ञांना २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत तीन नव्या जातींचे जिवाणू सापडले, अशी ती बातमी. खाली मी लाल पेनाने लिहून ठेवलंय, ‘पृथ्वीबाहेर जीव आहे. सिद्ध झालं!!’

आमच्या भागात वाढलेल्या मुलीला असं वाटणं साहजिक होतं. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आमच्याच जुन्नर तालुक्यात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. लहानपणी आमची सगळ्यांची खात्री होती, की त्या परग्रहावरच्या लोकांचं बोलणं ऐकायलाच उभ्या केल्यात. अजूनही सुट्टीत घरी गेले की आठवडे बाजारात कुणीतरी काका विचारतातच, “काय गं, सापडलं का काही वर?” मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते, दुर्बिणीशी माझा काही संबंध नाही, हे सांगून उपयोग नसतो.

या दिवाळीत ते कात्रण पुन्हा हातात आलं. या वेळी मी त्यामागचा मूळ पेपर काढून वाचला, आणि त्याच्या शेजारी ठेवून खोडदच्या दुर्बिणीवर झालेल्या एका कामाचा पेपरही वाचला. दोन्ही कामांत महाराष्ट्रातली माणसं आहेत, दोन्ही प्रश्न पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीशी जोडलेले आहेत. पण चाचणी म्हणून दोघांची रचना एकदम वेगळी आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा फरक नीट समजून घ्या. सिनॉप्सिस लिहिताना तोच कामाला येतो.

प्रयोग काय होता?

फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडलेली एक कल्पना आहे. जीवाचं बी पृथ्वीवर तयार झालं नाही, ते अवकाशातून आलं, धूमकेतूंबरोबर आलं आणि अजूनही येत असावं. हॉइल हे जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकरांनी ही कल्पना नुसती चर्चेत ठेवली नाही, ती तपासायचा बेत आखला. अवकाशातून जिवाणू खाली झिरपत असतील, तर वातावरणाच्या वरच्या थरात ते सापडायला हवेत. म्हणजे मंगळावर यान न पाठवता, हैदराबादहून फुगा सोडून परजीवसृष्टीची चाचणी! विचार धाडसी होता आणि पुष्कळ स्वस्तही.

पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, दुसरा २० एप्रिल २००५ रोजी. बातमी या दुसऱ्या प्रयोगाची. इस्रोच्या या प्रकल्पासाठी टीआयएफआरच्या हैदराबादच्या केंद्रातून फुगा सोडला गेला. ४५९ किलोच्या उपकरणात निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या १६ पोलादी नळ्या होत्या, आणि त्या ३८ किलो द्रव निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. इतक्या थंडीत नळीची झडप उघडली की बाहेरची हवा आत खेचली जाऊन गोठते. वेगवेगळ्या उंचीवर नळ्या भरल्या आणि पॅराशूटने खाली आणल्या. नमुने दोन प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे दिले, हैदराबादच्या सीसीएमबीला आणि पुण्याच्या एनसीसीएसला. दोघांनी एकाच पद्धतीने काम करायचं ठरलं होतं.

हाती लागल्या जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. १६एस या जनुकाची तुलना केल्यावर त्यातल्या ९ पृथ्वीवरच्या माहितीतल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. उरलेल्या तीन नव्या ठरल्या. त्यांची नावं: जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस, बॅसिलस आर्यभट्टाई. तिघांनाही त्यांच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसत होते.

इथपर्यंत मला नाव ठेवायला जागा दिसत नाही. दोन प्रयोगशाळा, सारखी पद्धत, निर्जंतुक नळ्या. आपल्यापैकी कितीजण आपला नमुना दुसऱ्या लॅबला पडताळायला देतात?

पेपर काय म्हणतो, बातमी काय म्हणते

जातींचं वर्णन करणारा पेपर २००९ मध्येच आला. त्याचं शीर्षक लक्ष देऊन वाचा. त्यात जिवाणू ‘अवकाशातून मिळाले’ असं कुठेही नाही. वरच्या वातावरणातली हवा गोळा करायला वापरलेल्या नळ्यांमधून वेगळे केलेले जिवाणू, एवढंच आहे. नळ्यांमधून! म्हणजे लेखकांना खात्रीने जेवढं सांगता येत होतं, तेवढंच शीर्षकात आलं. इस्रोच्या प्रसिद्धीपत्रकातही म्हटलं होतं, की या अभ्यासातून जिवाणूंचा पृथ्वीबाहेरचा उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही. माझ्या कात्रणात ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात होतं. आठवीत मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

मग टीका कशावर? चूक फक्त वर्तमानपत्राची आणि माझी, असं म्हणून सुटता येईल का? मला तसं वाटत नाही. एका जिवाणूला हॉइल यांचं नाव दिलं. हॉइल मोठे शास्त्रज्ञ, सन्मान योग्यच. पण जी कल्पना तपासायची, तिच्याच पुरस्कर्त्याचं नाव नमुन्याला दिलं, की निकाल लागण्याआधीच वाचणाऱ्याचं मन एका बाजूला झुकतं. शीर्षक सावध आहे, नाव नाही.

पण खरी अडचण नावाची नाही, चाचणीच्या रचनेची आहे. ती तीन पायऱ्यांनी बघू.

पहिली अडचण: दोन वेगवेगळे ‘नाही’

असा निकाल हाती आला की दोन शंका फेडाव्या लागतात. एक, हा जिवाणू आमच्या हातातून, नळीतून, लॅबमधून आलेला नाही. दोन, हा पृथ्वीवरून वर गेलेला नाही. निर्जंतुक नळ्या, कंट्रोल, दोन प्रयोगशाळा हे सगळं पहिल्या शंकेसाठी आहे. दुसऱ्या शंकेला ते हातही लावत नाही.

आणि दुसरी शंका साधी नाही. आमच्याच तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण राख दूरवरून हवेतून आली याबद्दल नाही. जवळपास ज्वालामुखी नसलेल्या गावात समुद्रापलीकडची राख पडते, तर पृथ्वी आपली धूळ किती उंच आणि किती लांब फेकते, याचा अंदाज करा. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाच्या ज्वालामुखीचा लोट तर ५७ किलोमीटरपर्यंत गेल्याचं उपग्रहांनी मोजलं. १९७० च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी रॉकेट पाठवून ४८ ते ७७ किलोमीटरवरून सूक्ष्मजीव मिळवल्याचं सांगितलं होतं. त्यांनी मिळवलेल्या जाती पृथ्वीवरच्या ओळखीच्याच होत्या.

यावर एक प्रतिवाद केला जातो. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते, कण तिथे फार काळ तरंगत नाही, म्हणून तो वरून खाली येताना पकडला गेला असणार. प्रतिवाद विचार करण्यासारखा आहे. पण त्याने एवढंच सिद्ध होतं, की कण त्या वेळी खाली येत होता. आधी तो कुठून वर गेला, हे त्यातून कळत नाही. फेकलेला चेंडूसुद्धा खाली येतानाच झेलतात.

अतिनील किरण सोसण्याचंही तसंच. तिथे पोचलेल्यांपैकी जे कणखर, तेच जिवंत हाती लागणार. त्यातून जिवाणू कुठे टिकला ते कळतं, कुठून आला ते नाही.

दुसरी अडचण: जाळंच घरचं

आता माझ्या विषयाचा मुद्दा. जिवाणू ‘सापडले’ म्हणजे काय झालं? नमुना पोषक माध्यमावर ठेवला, वसाहती वाढल्या, मग १६एस जनुक वाचलं. आपलं माध्यम कुणासाठी बनवलेलं असतं? पृथ्वीवरच्या जिवाणूंसाठी. १६एस वाचायला लागणारे प्रायमर कशावरून बनवतात? पृथ्वीवरच्या जिवाणूंच्या जनुकांवरून. म्हणजे ही पद्धत फक्त नातेवाइकांनाच ओळखते. एखादा खरोखर परका जीव त्या नळीत असता, तर तो माध्यमावर बहुधा वाढला नसता, आणि त्याच्याकडे १६एस जनुकच नसतं तर वाचणार काय?

१९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळावर हीच पैज लावली होती. मातीवर पोषक द्रव टाकला, त्यातला कार्बन किरणोत्सारी खुणेचा होता. खुणेचा वायू बाहेर पडला, म्हणजे ‘कुणीतरी खाल्लं’ असं मानायचं. वायू पडला! पण त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय रेणूंचा भरवशाचा पुरावा दिसला नाही. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट मिळालं, आणि निव्वळ रसायनशास्त्रातून काय काय घडू शकतं याचा हिशोब नव्याने मांडावा लागला. व्हायकिंगला उत्तर मिळालं होतं. त्या उत्तराचा अर्थ काय घ्यायचा, यावर एकमत नव्हतं.

‘नवी जात’ या शब्दानेही घोटाळा होतो. पृथ्वीवरच्या बहुतेक जिवाणूंना आपण अजून नावंच दिलेली नाहीत. बांधावरची चिमूटभर माती घेतली, तरी तिच्यात नाव नसलेले जिवाणू निघतील. नवी म्हणजे आपल्या यादीत नव्हती, एवढंच. बॅसिलस आर्यभट्टाईचं पुढे काय झालं बघा. २०१७ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी त्याचा एक प्रकार सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या मातीतून मिळवून दाखवला, आणि तो पिकाच्या वाढीला मदत करतो असंही मांडलं. २०१९ मध्ये पूर्ण जीनोमची तुलना करणाऱ्या एका अभ्यासाने म्हटलं, की ही वेगळी जात नाहीच, हा तर बॅसिलस मेगाटेरियम. वर्गीकरणाचा वाद बाजूला ठेवू. पण मेगाटेरियम म्हणजे कोण? कृषी सेवा केंद्रात पीएसबी म्हणून, स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत म्हणून जे मिळतं, त्यात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूंपैकी एक. माझ्या वहीतल्या ‘अवकाश जिवाणू’चा सख्खा भाऊ आमच्या गोठ्याच्या फळीवर बाटलीत बसला होता म्हणायचा!

तिसरी अडचण: हरण्याची सोयच नाही

ही अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. समजा, सापडलेले जिवाणू पृथ्वीवरच्यांपेक्षा एकदम वेगळे निघाले असते. मग म्हणता आलं असतं, बघा, बाहेरून आले. आता ते पृथ्वीवरच्यांच्या जवळचे निघाले. तरी म्हणता येतं, बरोबरच आहे, पृथ्वीवरचा जीवही तिथूनच आला, मग साम्य असणारच. आणि काहीच सापडलं नसतं, तर? नमुना कमी पडला, अजून मोठा फुगा सोडू.

तिन्ही निकालांनंतर कल्पना जागच्या जागी उभी. मग फुगा सोडून आपण नेमकं काय तपासलं? ‘४१ किलोमीटरपर्यंत जिवंत पेशी असतात का’ या प्रश्नाची ही चांगली चाचणी होती, आणि त्याचं उत्तर मोलाचं आहे. ‘त्या बाहेरून आल्या का’ या प्रश्नाची मात्र ती चाचणीच नव्हती, कारण ‘नाही’ हे उत्तर द्यायची वाटच तिच्यात ठेवलेली नव्हती.

आता खोडदकडे

दुसरा पेपर २०१३ चा. फ्रान्समधले आणि पुण्याच्या एनसीआरएमधले खगोलशास्त्रज्ञ, आणि दुर्बीण आमची जीएमआरटी. प्रश्न असा: परग्रहाकडून येणारे रेडिओ तरंग पकडता येतात का? गुरूकडून असे तरंग येतात, ते त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे. परग्रहाचं चुंबकीय क्षेत्र कळणं जीवसृष्टीच्या प्रश्नाला उपयोगी, कारण ग्रहाचं वातावरण टिकण्यात त्याचा हात असू शकतो. निवडलेला ग्रह नेपच्यूनएवढ्या वस्तुमानाचा, नाव हॅट-पी-११बी. तिथे जीव असेल म्हणून तो निवडलेला नव्हता. आधी पद्धत चालते का, ते बघायचं होतं.

रचना बघा. हा ग्रह आपल्या ताऱ्याच्या मागे लपतो, आणि कधी लपणार ती वेळ आधीच माहीत असते. तरंग ग्रहाकडूनच येत असतील, तर ग्रह लपताच ते बंद पडले पाहिजेत आणि बाहेर येताच पुन्हा सुरू झाले पाहिजेत. तसं झालं नाही, तर दावा गेला. हरण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे.

१६ जुलै २००९ रोजी १५० मेगाहर्ट्झवर त्यांना अंधूक संकेत दिसला, ३ सिग्माचा, आणि ग्रह लपण्याच्या वेळेशी जुळणारा. मोह पडावा असाच निकाल! पण त्यांनी पेपरमध्ये काय लिहिलं? संकेताची जागा ग्रहाच्या जागेपासून १४ आर्कसेकंद सरकलेली आहे, दुर्बिणीच्या अचूकतेच्या मर्यादेत बसते, इतकंच. असा जुळणारा आलेख निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आहे. १७ नोव्हेंबर २०१० रोजी तितक्याच संवेदनशीलतेने पुन्हा निरीक्षण केलं, तेव्हा संकेत दिसला नाही. म्हणून दोन शक्यता राहतात: एकतर ग्रहाचे तरंग कमीजास्त होतात, किंवा पहिल्यांदा दिसलं तो आभास होता. दावा त्यांनी शीर्षकातच ‘चाहूल’ या अर्थाच्या शब्दावर थांबवला.

या पेपरलाही नावं ठेवता येतील. दोनच निरीक्षणं, त्यांच्यात १६ महिन्यांचं अंतर. ‘तरंग कमीजास्त होत असतील’ ही पळवाट इथेही थोडी उघडीच राहते. पण फरक असा, की पुढच्या माणसाने काय करायचं ते नेमकं कळतं. पुन्हा दुर्बीण लाव, ग्रह लपताना बघ. फुग्याच्या पेपरनंतर पुढच्या माणसाने काय बघावं?

मग चाचणी कशी हवी होती?

टीका करून थांबलं तर ती नुसती कुरकुर होते. म्हणून माझा प्रस्ताव.

एक, जिवाणू वाढवण्याआधी मोजा. हे फार महत्त्वाचं. पेशीतल्या अणूंच्या समस्थानिकांचं प्रमाण ती कुठल्या पदार्थावर वाढली याची खूण सांगू शकतं. पण पेशी माध्यमावर वाढवली, की नव्या पेशींतले अणू तुमच्या माध्यमातले. पुरावा आपणच धुऊन टाकला! एकेका पेशीवर समस्थानिक मोजणारी उपकरणं आता आहेत.

दोन, रेणूंचा डावेउजवेपणा बघा. पृथ्वीवरची प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनतात. मुख्यतः उजव्या हाताच्या अमिनो आम्लांनी बांधलेली पेशी मिळाली, तर परकेपणाचा दावा जोरदार होईल. या चाचणीला नातं लागत नाही.

तीन, उंचीचा आलेख आधी काढा. पेशी खालून वर जात असतील तर २०, ३० आणि ४० किलोमीटरवर त्यांची संख्या कशी बदलेल, आणि वरून पडत असतील तर कशी, हे फुगा सोडण्याआधी कागदावर लिहा, तारीख टाका. दोन्ही आलेख सारखेच आले, तर फुगा सोडू नका.

माझी ब्लँक प्लेट

हे सगळं मी शहाणपणाने लिहितेय असं वाटेल, म्हणून सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एका विहिरीच्या गाळातून एक गुलाबी वसाहत मिळाली. १६एस फक्त ९७ टक्के जुळत होतं. मी नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं, गावावरून. गाईडसमोर आलेख ठेवला. त्यांनी आलेखाकडे बघितलंही नाही, विचारलं, “ब्लँक कुठंय?” ब्लँक प्लेट, म्हणजे नमुना न टाकता तसंच सगळं केलेली प्लेट, मी तीन दिवसांनी स्वच्छ बघून फेकून दिली होती. आणि माझी वसाहत उगवली होती नवव्या दिवशी. पुन्हा सगळं केलं, ब्लँक दहा दिवस ठेवली. तिच्यावरही तीच गुलाबी वसाहत आली. ती मी वापरत असलेल्या पाण्यातून येत होती. तीन महिन्यांचं काम गेलं. त्या रात्री मी आईला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की या वर्षी पेपर होणार नाही.

म्हणून कुठलाही पेपर हातात आला की मी आता तीन प्रश्न वहीत लिहिते. यांच्या चाचणीत ‘नाही’ हे उत्तर कुठून येऊ शकलं असतं? यांचं जाळं कुठले मासे पकडूच शकत नाही? आणि दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा काय झालं?

सराव म्हणून एप्रिल २०२५ ची बातमी घ्या. केंब्रिजच्या गटाने के२-१८बी या सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची, किंवा त्याच्या जवळच्या एका रेणूची, ३ सिग्माची खूण सांगितली. पृथ्वीवर हा रेणू मुख्यतः समुद्रातल्या जीवांमुळे बनतो. पण २०२४ मध्येच एका धूमकेतूवर, जिथे जीव असण्याचा प्रश्न नाही, तोच रेणू असल्याचा पुरावा मांडला गेला होता. आता तिन्ही प्रश्न लावून बघा. आणि ३ सिग्मा म्हटल्यावर खोडदचा जुलै २००९ चा दिवस आठवा.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या प्रयोगावर टीका लिहिताना मला जड गेलं, कारण ते कात्रण नसतं तर मी या विषयाकडे वळलेच नसते. पण फुगा त्यांनी चर्चा थांबवून तपासायला म्हणूनच सोडला होता. तपासणं पुढे नेणं, हे आपलं काम.

वहीतली लाल ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली निळ्या पेनाने लिहिलं, ‘सापडलं, हे कळलं. कुठून आलं, हे या प्रयोगातून कळू शकत नाही.’ बाजारातल्या काकांना आता हेच सांगणार आहे. ते म्हणतील, “म्हणजे नाहीच सापडलं ना?” त्यांना समजेल असं उत्तर देता येणं, हीही एक परीक्षाच, आणि तिची तयारी अजून चालू आहे.